मासिकं आवरून देणारी सेवा: एका गोधडीवालीचा अभिप्राय

एप्रिलात मी घर आवरून देणाऱ्या एका सेवेला बोलावलं. स्वयंपाकघरासाठी नाही, कपड्यांच्या कपाटासाठीही नाही. फक्त क्विल्टिंगच्या, म्हणजे परदेशी पद्धतीच्या गोधडीकामाच्या, मासिकांसाठी आणि पॅटर्नसाठी. फोनवरच्या मुलीने पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. "म्हणजे काकू, एकच शेल्फ ना?" एकच कुठलं! हॉलमधलं भिंतभर शेल्फ, दिवाणाखालचे खण आणि गॅलरीतलं लोखंडी कपाट.

सेवेचं नाव लिहीत नाही. जे चांगलं झालं ते आलेल्या दोन मुलींमुळे झालं आणि जे खटकलं ते त्यांना शिकवून पाठवलेल्या पद्धतीमुळे. दर दिवसावर आहे. दोघी जणी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, साडेसात हजार रुपये. डबे, फायली, लेबलं यांचे पैसे वेगळे, ते आणखी चार हजारांच्या घरात गेले. पुण्यात हा दर फार आहे असं आमच्या घरच्यांचं मत. त्यांनी ते दिवसभर मुलींसमोर राखून ठेवलं, त्याबद्दल आभार.

आधी पसाऱ्याबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. माझी थोरली बहीण ओहायोत असते. तिथल्या लायब्ररीत जुन्या पुस्तकांची विक्री लागते, तिथे मासिकं चिल्लर पैशांत मिळतात. ताई येताना बॅगेत खजूर-बदामांपेक्षा तीच जास्त भरून आणते. त्यात 'क्विल्टर्स न्यूजलेटर'चे पुष्कळ अंक आहेत. बॉनी लेमन या बाईंनी १९६९ साली ते सुरू केलं आणि २०१६ मध्ये बंद पडलं, त्यामुळे ते आता वाढणार नाहीत एवढंच समाधान. 'अमेरिकन पॅचवर्क अँड क्विल्टिंग' वर्षाला सहा अंक. फ्रान्सचं 'क्विल्टमेनिया', जाडजूड, वजनाला भारी. शिवाय 'बुर्दा'चे जुने अंक, मधे घडी घालून ठेवलेला पॅटर्नचा मोठा कागद आणि त्यावर एकमेकींवरून जाणाऱ्या रंगीत रेघा. त्याखेरीज नेटवरून उतरवून छापलेले पॅटर्न, मी घेते त्या क्विल्टच्या वर्गासाठी केलेल्या नोंदी आणि मी खाकी कागदावर कापलेले साचे.

आपल्याकडे गोधडीला कागद कधी लागलाच नाही. जुनी लुगडी अंथरायची, कडेने धावदोरा सुरू करायचा आणि सरकत सरकत मध्यावर यायचं. माझ्या आजेसासूबाईंनी गावभरच्या बाळंतिणींना गोधड्या शिवून दिल्या, आयुष्यात एक साचा कापला नाही. कागदाचं हे दुखणं मला क्विल्टमुळे लागलं आणि वर्ग घ्यायला लागल्यापासून बळावलं.

मुली वेळेवर आल्या. स्वतःची सतरंजी आणली होती, हातमोजे आणले होते, मऊ ब्रश आणले होते. पहिलं काम एकच: सगळं बाहेर. बारा वाजेपर्यंत हॉलमध्ये पाय टाकायला जागा उरली नाही. हे मी एकटीने केलं नसतं, कारण खालच्या गठ्ठ्यातला एखादा अंक उघडून तिथेच बसकण मारली असती. पैशांचा मोठा भाग इथे वसूल झाला म्हणेन. सगळं एकदम समोर आल्यावर दिसलं की काही अंक दोनदा-तीनदा आलेत, काहींच्या मधल्या पुरवण्या गायब आहेत, आणि पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग उतरलेत. दिवाणातून दोन-चार कसरी पळाल्या. गॅलरीतल्या कपाटातला खालचा गठ्ठा तर वीट झाला होता. गुळगुळीत छपाईच्या कागदावर चिकणमातीचा लेप असतो, त्याने ओल धरून दाब बसला की पानं एकमेकांना चिकटतात. मी सुरी घेऊन आले तर दोघींतली मोठी म्हणाली, "काकू, नका ना त्या भानगडीत पडू. ओढाल तर अक्षरंच निघून येतील." खरंच आली. तो गठ्ठा गेला.

इथपर्यंत उत्तम. मग सुरू झाली प्रश्नोत्तरं.

त्यांची रीत अशी की एकेक वस्तू तुमच्या हातात द्यायची आणि विचारायचं, हे हातात घेऊन आनंद होतो का? मारी कोंडोंची ही जपानी पद्धत आता सगळीकडे पोचली आहे. साडीला ती लागू पडत असेल, पातेल्यालाही पडेल. मासिकाला नाही. मला मुखपृष्ठ बघून प्रत्येक अंकाचा आनंद होतो, म्हणून तर घरात आलेत. विचारायचं ते हे, की यातलं मी काय शिवणार आहे, आणि ते शिवायला हे पान लागतं का?

दुसऱ्या प्रश्नानेच माझं निम्मं शेल्फ रिकामं केलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. क्विल्टचे पॅटर्न दोन जातींचे. एका जातीला साचा लागतच नाही, नुसतं गणित लागतं. लॉग केबिन घ्या: मधे चौरस, भोवती पट्ट्या. पट्टीची तयार रुंदी ठरवा, दोन्ही बाजूंच्या शिलाईसाठी दोन-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मिळवा, कापत सुटा. दोन त्रिकोणांचा चौरस हवा असेल तर तयार मापात सात सूत मिळवून दोन रंगांचे चौरस कापायचे, कर्णावर छेद द्यायचा आणि एकेका रंगाचा त्रिकोण जोडायचा. नाइन पॅच, ओहायो स्टार, फ्लाइंग गीस, सगळे याच कुळातले. यांचं सगळं गणित माझ्या वहीच्या एका पानावर मावतं. आणि अमेरिकन मासिकं वर्षानुवर्षं तेच चार-पाच ब्लॉक (ज्यांना जोडून क्विल्ट होतं ते नक्षीचे चौकोन) नव्या कापडात, नव्या नावाने छापत राहतात. कापडाच्या कंपन्यांच्या जाहिरातीच आतल्या पानांत असल्यावर दुसरं काय होणार. अशा लेखातून रंगसंगती आवडली असेल तर तेवढा फोटो ठेवा, बाकी तीन पानं सूचना सोडून द्या.

दुसरी जात वळणांची आणि तिरक्या कोनांची. डबल वेडिंग रिंगच्या एकमेकींत गुंतलेल्या कड्या, ड्रंकर्ड्स पाथची पाव वर्तुळं, मांडणीची, म्हणजे कापडावर कापड शिवून केलेली, फुलंपानं. यांना पूर्ण मापाचा साचा पाहिजे, आणि तो बहुतेक वेळा लेखाजवळ नसतो. लेख पुढे, साचा पार मागच्या पानांत, नाहीतर मधल्या घडीच्या कागदावर. तो कागद हरवला असेल तर तो अंक फक्त बघण्याचा. मुलींना हे एकदा समजावल्यावर त्या झपाट्याने कामाला लागल्या. "काकू, ह्याला वळण आहे, पण साचा नाही. रद्दी?" रद्दी. धाकटीला तर तासाभरात लांबूनच ओळखू यायला लागलं.

जेवणाच्या वेळी मी आत भात लावायला गेले, तेवढ्यात घोटाळा झाला. बाहेर येऊन बघते तर ठेवायचे अंक शेल्फवर रंगाने लावलेले. तांबडे, नारिंगी, पिवळे, क्रमाने जांभळ्यापर्यंत. दिसत होतं सुंदर, त्यांनी फोटोही काढले. पण पिनांच्या अंकांना कणाच नसतो, त्यामुळे ते सगळे 'पांढरे' ठरून खालच्या कप्प्यात कोंबलेले. आणि २००४ चा एप्रिल निळा, जून गुलाबी. मला ओहायो स्टार हवा असला तर मी कुठला रंग बघू? मोठी खरं तेच बोलली: "आम्हाला ट्रेनिंगमध्ये असंच सांगतात. क्लायंटला शेल्फ बघून बरं वाटलं पाहिजे." बरं वाटायला मला शेल्फ बघायचं नाही, त्यातून काढून शिवायचं आहे.

मग माझ्या पद्धतीने लावायला सांगितलं. न कुरकुरता लावलं, हे मुद्दाम नोंदवते. पद्धतही माझी नाही. बार्बरा ब्रॅकमन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी चार हजारांहून जास्त ब्लॉक जमवून त्यांना क्रमांक दिले आहेत, आणि त्यांची मांडणी नावावरून न करता रचनेवरून केली आहे. चार घरांचे, नऊ घरांचे, चांदण्या, गोल वळणांचे, असे. कारण एकाच ब्लॉकला गावोगावी निरनिराळी नावं असतात. नावाने शोधायला गेलात तर एकच ब्लॉक पाच ठिकाणी सापडतो, नाहीतर कुठेच नाही. माझ्या फायली आता तशाच आहेत: पट्ट्या, चार घरं, नऊ घरं, चांदण्या, षटकोन, वळणं, मांडणी, आणि एक फाइल 'किनारी', कारण किनार नेहमी शेवटी आणि घाईत ठरते. अख्खे ठेवलेले अंक मात्र नाव आणि वर्ष यांच्या क्रमानेच, आणि कुठल्या अंकात काय आहे ते एका शंभरपानी वहीत. लेबल छापायचं त्यांचं छोटं यंत्र मला आवडलं, पण देवनागरी त्याला येत नव्हती. शेवटी लेबलं मार्करने मीच लिहिली.

पानं सुटी करताना थोडी झटापट झाली. धाकटी पट्टी धरून पान फाडायला लागली, मी हात धरला. पिनांचा अंक असेल तर मधे उघडून पिना सरळ करायच्या, पानं जोडीने अलगद सुटतात. गोंदाचा कणा असेल तर कण्यालगत रोटरी कटर फिरवायचा. हे गोल पात्याचं हत्यार ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ साली काढलं आणि क्विल्टवाल्यांच्या कात्र्या खुंटीला गेल्या. फक्त पातं जुनं वापरा. कागदाने धार जाते, म्हणून कापडाला नको झालेली पाती मी वेगळ्या डबीत ठेवते. सुटलेल्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने मासिकाचं नाव, महिना, वर्ष घालायचं काम मुलींनी फार नेटकं केलं.

आता सामान. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे.

पानं घालायला त्यांनी आणलेली पारदर्शक पॉकेटं पीव्हीसीची होती. ओळखायला सोपं: मऊ, जराशी चिकट, नव्या रेनकोटचा वास. त्यांच्यात रंगीत छपाई ठेवली की काही वर्षांनी शाई पानावरून उठून प्लास्टिकला लागते. माझ्या जुन्या एका फाइलमधलं पान दाखवलं, अर्धी चांदणी पानावर आणि अर्धी पॉकेटवर. परत घ्या म्हटलं तर "सामान परत होत नाही". मग पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) पॉकेटं मी अप्पा बळवंत चौकातून आणली. ती जरा कडक असतात, हातात चुरचुरतात, वास नसतो, आणि त्यांच्या निम्म्या किमतीत मिळाली. रिंग फाइल घेताना डी आकाराच्या कड्यांची घ्या. गोल कड्यांवर पानं कण्याकडे वळतात आणि कोपरे मुडपतात.

झाकणाचे मोठे प्लास्टिकचे डबेही मला नको होते. कागदात ओल असताना झाकण लावलं की ती आतच राहते. त्यात त्यांनी वर डांबरगोळ्या टाकल्या होत्या. त्या मी काढल्या, एकतर वास वर्गभर पसरतो, दुसरं म्हणजे काही प्लास्टिकं त्यांच्या वाफेने चिकट होतात. वेखंडाच्या कांड्या ठेवल्या आहेत. वेखंडाने कसर जाते की नाही यावर मी कुणाशी वाद घालत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि गॅलरीतलं सगळं आत आणलं, त्याचा उपयोग जास्त.

अंक उभे ठेवायचे पुठ्ठ्याचे तिरके खोके मात्र झकास निघाले. साधे, जाड, पाठीला बोट घालून ओढायचं भोक. त्यात अंक दोन बोटं जागा राहील एवढेच भरायचे. गच्च भरले तर काढताना मुखपृष्ठ फाटतं, सैल ठेवले तर अंक कमरेत वाकतात.

आणि साच्यांसाठी मोठीने जे केलं त्याला दाद द्यायलाच हवी. माझे खाकी साचे मी आजवर लिफाफ्यात घडी करून ठेवत आले, आणि घडीवर साचा हमखास खोटा होतो. तिने प्रत्येक संचाला वरच्या कोपऱ्यात भोक पाडलं, सुतळी ओवली, तुकड्यांची संख्या लिहिलेली चिठ्ठी बांधली आणि कपाटाच्या दाराच्या आत हुक लावून लटकवले. "आमच्या बाबांच्या दुकानात असेच असतात," म्हणाली. वडील शिंपी. तरी म्हटलं, ही कात्री बरोबर जागी ठेवते कशी!

स्कॅनिंगची सेवाही त्यांच्याकडे आहे, पानामागे चार रुपये. मी नाही म्हटलं. त्यांचं स्कॅनिंग म्हणजे फोनने फोटो. लेख वाचायला तो चालेल, साच्याला नाही. फोन जरा तिरका झाला की एक बाजू लांब, एक आखूड. साचा स्कॅन करायचाच तर काच असलेल्या सपाट स्कॅनरवर करा आणि शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे छापल्यावर इंच इंचच आहे का ते बघता येतं. नेटवरच्या चांगल्या पॅटर्नवर एक इंचाचा चौकोन त्याचसाठी छापलेला असतो. आपल्याकडे यात आणखी एक मेख आहे. अमेरिकन पॅटर्न साडेआठ इंच रुंद कागदासाठी मांडलेले असतात, आपला ए-फोर त्याहून जवळजवळ दोन सुतांनी अरुंद. प्रिंटर आपल्या अकलेने 'पानात बसवतो', आणि माप सत्त्याण्णव टक्क्यांवर येतं. सहा इंचांचा साचा सव्वा सुताने कमी भरतो. सगळंच सारखं आकसलं असतं तर चाललं असतं, पण साच्याने कापलेले तुकडे पट्टीने मोजून कापलेल्या पट्ट्यांना जोडायचे असतात. आठ ब्लॉक ओळीने लावले की सव्वा इंचावर तूट, आणि मग वर्गात म्हणतात की मशीनच खराब आहे. छापताना शंभर टक्के, 'ॲक्चुअल साइज'. त्या मुलींना हे ठाऊक असायचं कारण नाही, पण पानामागे चार रुपये घेणाऱ्यांना असावं.

नको झालेल्या अंकांचं काय, हा शेवटचा गुंता. सेवेची गाडी 'डोनेशन'साठी घेऊन जाते म्हणे. कुठल्या संस्थेला, यावर उत्तर आलं नाही, म्हणून मी ते दिले नाहीत. रद्दीवाल्याने गुळगुळीत कागदाला वर्तमानपत्रापेक्षा कमी भाव सांगितला. "ताई, ह्याला कोण घेतंय," म्हणाला, आणि विटेला तर हातच लावेना. बरे अंक मी वर्गात टेबलावर मांडले, ज्याला हवा त्याने न्यावा. अख्खा अंक देणं वेगळं आणि त्यातल्या पॅटर्नच्या वीस झेरॉक्स काढून वाटणं वेगळं, हे वर्गात दर वेळी सांगावं लागतं. कुणीतरी बसून ते काढलेलं असतं, त्यावर त्याचं पोट असतं.

एक गोष्ट कचऱ्यातून परत काढली. अंकांमध्ये वर्गणीची जाड कार्डं अडकवलेली असतात, त्यांची पिशवी भरून मुली टाकायला निघाल्या होत्या. ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डनच्या षटकोनांना तशाच कागदाचा तुकडा आत लागतो. कापड त्यावर दुमडून कच्चा दोरा घालायचा, षटकोन हाताने एकमेकांना जोडायचे, सहाही बाजू बंद झाल्या की कागद ओढून काढायचा आणि पुढच्याला वापरायचा. कार्डाचा कागद त्याला अगदी बेताचा, फार जाड नाही, दुमडत नाही.

जाताना त्यांनी पाच तारे मागितले. मी साडेतीन देते. दोन सगळं एका दिवसात जमिनीवर आणून पुन्हा उभं केल्याचे, एक त्या दोघींच्या ऐकून घेण्याचा, अर्धा सुतळी आणि हुकाचा. दीड कापला तो इंद्रधनुष्याचा आणि पीव्हीसीचा.

बोलावणार असाल तर सामान त्यांच्याकडून घेऊ नका, आधीच तसं ठरवा. काय शिवणार नाही याची यादी आदल्या रात्री स्वतः करून ठेवा, ती त्यांना करता येणार नाही. आणि मे संपायच्या आत उरकून घ्या. जूनमध्ये हवेत ओल येते, आणि पॉकेटात घातलेलं पान ती ओल घेऊनच आत बंद होतं.